२००९ चा कंपायलर २०२४ मध्ये बदलला, त्याचे सहा महिने

आमचं युनिट हिंगणा एमआयडीसीत आहे. चौदा माणसं, काम शेतपंपाचे मोबाइल स्टार्टर बनवायचं. मोटरच्या पेटीत बसणारा एक डबा असतो, त्यात सिम असतं, शेतकरी घरून मिस कॉल नाहीतर मेसेज देतो अन् मोटर सुरू होते, किंवा वेळ लावून ठेवली तर आपोआप होते. डब्यातलं सॉफ्टवेअर मी आणि एक ज्युनिअर पोरगा असे दोघं सांभाळतो. २०२४ च्या जानेवारी ते जून आम्ही त्याचा कंपायलर, म्हणजे आपण सी भाषेत लिहिलेला कोड चिपला समजेल असा करून देणारा प्रोग्राम, बदलला. सुरू करताना मराठीत काही वाचायला मिळतं का ते खूप शोधलं, मिळालं नाही, अन् इंग्रजीत जे होतं ते सगळं मोठ्या कंपन्यांचं, जिथे टूलसाठी वेगळी टीमच असते. दोन माणसांना हे कसं जातं ते कुठे सापडलं नाही, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे.

आधी काय होतं ते सांगते. ज्या व्हेंडरचं डेव्हलपमेंट किट घेतलं होतं त्यांनीच आयडीई, म्हणजे कोड लिहायचा अन् बिल्ड करायचा प्रोग्राम, दिला होता, त्यात त्यांनी पॅक केलेला जीसीसी हा कंपायलर, ४.४.१. हे व्हर्जन जुलै २००९ चं. वर त्यांची स्वतःची सी लायब्ररी, स्वतःची स्टार्टअप फाइल, आणि सगळं एका यूएसबी डोंगलवर, म्हणजे लायसन्सच्या किल्लीवर. तो आयडीई विंडोज ७ वरच नीट चालायचा म्हणून असेंब्ली लाइनच्या कोपऱ्यात एक विंडोज ७ चा पीसी फक्त बिल्डसाठी ठेवलेला. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये बंद झाला तरी तो तसाच होता, नेटला न जोडता, पेन ड्राइव्हने कोड आत अन् डब्यात भरायची तयार हेक्स फाइल बाहेर. हे एक दिवस अडणार हे सगळ्यांना माहीत होतं, पण डबे विकले जाऊन राहिले होते, तक्रार नव्हती, मग कोण हात लावतं.

अडलं ८ जानेवारीला, सोमवारी. टूजीचं मॉड्यूल, म्हणजे मॉडेम, सोडून फोरजीचं घ्यायचं ठरलं होतं, त्या मॉड्यूलसोबत नवा ड्रायव्हर आला, तो प्रोजेक्टमध्ये टाकला अन् पहिलीच एरर आली की स्टडअ‍ॅटॉमिक नावाची हेडर फाइल (व्याख्यांची फाइल, बाकीच्या फाइली ती आत घेतात) सापडत नाही. ती हेडर जीसीसीत ४.९ पासून आहे, म्हणजे २०१४ पासून. आमच्यात नसणारच. ज्युनिअर म्हणाला, "ताई, आपणच लिहून टाकू ना ती फाइल, कितीशी असते." दोन दिवस तेही करून पाहिलं. एक एरर गेली की त्याखालून दहा निघायच्या, कारण ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सी११, म्हणजे सीचं २०११ चं स्टँडर्ड, गृहीत धरूनच सगळं लिहिलं होतं. तिथे कळलं की ठिगळ लावून हे भागणार नाही.

११ जानेवारीला व्हेंडरला मेल केला, नवं व्हर्जन हवं म्हणून. पहिलं उत्तर पाच दिवसांनी आलं, रजिस्टर्ड ईमेलवरूनच विनंती करा. रजिस्टर्ड ईमेल होता २०१३ मध्ये सोडून गेलेल्या एका इंजिनिअरचा. मग कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, डोंगलचा सीरियल नंबर, मूळ बिलाची कॉपी, सरांची सही अन् शिक्का, असं सगळं स्कॅन करून पाठवलं. मूळ बिल शोधायला अकाउंट्सच्या काकांनी दोन दिवस जुन्या फायली उपसल्या, त्यांचे खरंच उपकार आहेत. ज्यांच्याकडे असं डोंगलवालं काही असेल त्यांनी आजच ते बिल, सीरियल नंबर अन् कोणत्या ईमेलवर नोंद आहे हे एका कागदावर लिहून ठेवा, गरज पडते तेव्हा नेमकं तेच सापडत नाही.

त्यानंतर अकरा कामाचे दिवस गेले आणि उत्तर आलं की ते प्रॉडक्ट बंद झालंय, अपग्रेड मिळत नाही, नवीन प्रॉडक्ट नव्याने घ्या. दोन सीटचं कोटेशन पावणेचार लाखांच्या जवळ. कंपनी परदेशातली असल्यामुळे त्यावर रिव्हर्स चार्जने १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरायचा होता, पैसे पाठवायला तेव्हा सीएकडून १५सीबी दाखला लागायचा, मग १५सीए फॉर्म, अन् दरवर्षीचं रिन्यूअल वेगळं. जीएसटीचं क्रेडिट मिळतं हे खरं, पण लहान युनिटचे पैसे तेवढे दिवस अडकतातच.

दुसरा रस्ता म्हणजे चिपची रचना करणारी आर्म कंपनी स्वतः आपल्या कॉर्टेक्स चिपसाठी जो जीसीसी बांधून देतं तो, आर्म जीएनयू टूलचेन. फुकट मिळतो, नवी व्हर्जन येत होती, तेव्हा १३.२ चालू होतं. ९ फेब्रुवारीला सरांसमोर दोन्ही मांडलं. सरांनी विचारलं, "फुकटच्या गोष्टीत अडलं तर विचारायचं कोणाला?" प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं की अडलं तर मीच बघणार, मला त्यासाठी तीन महिने द्या आणि मधे नवीन फीचरचं काम मागू नका. सर म्हणाले, "तीन महिने नाही, मेच्या शेवटापर्यंत घे, पण रोजचा माल थांबला नाही पाहिजे." हा वेळ आधीच मागून घेतला ते फार बरं झालं. हे काम इतर कामांच्या फटीत होत नाही.

ग्राहक कंपनीकडून अजून एक शंका आली होती, की फुकटच्या, जीपीएल लायसन्सच्या कंपायलरने बिल्ड केलं तर आपला कोडही सगळ्यांना उघडा करावा लागतो का. नाही लागत. जीसीसीच्या ज्या रनटाइम लायब्ररीचे तुकडे आपल्या बायनरीत, म्हणजे तयार प्रोग्राममध्ये, जातात त्यांना त्यासाठीच वेगळी सूट दिलेली आहे, अन् सोबतची न्यूलिब ही सी लायब्ररी मुख्यतः बीएसडीसारख्या मोकळ्या लायसन्सखाली आहे. हे त्यांना लायसन्सच्या प्रतींसह लेखी पाठवलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

आता खरं काम. माझी घाई होती की नवा कंपायलर टाकायचा अन् एरर दुरुस्त करत सुटायचं. बरं झालं मी आधी एक आठवडा थांबले. आधी जुनंच जसंच्या तसं उभं करता येतं का ते बघायचं ठरवलं, कारण उद्या नव्या बिल्डमध्ये काही बिघडलं तर ते कंपायलरमुळे की आपण हलवाहलव केली म्हणून, हे कळायला पाहिजे ना.

पहिल्यांदा त्या विंडोज ७ च्या पीसीची डिस्क पूर्ण क्लोन केली. एसएसडी ५,८०० रुपयांची पडली. मग त्याच इमेजचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा तोच पीसी, बनवलं, डोंगल त्यात पास केला, चालला. त्यावर शेवटचं रिलीज केलेलं सॉफ्टवेअर परत बिल्ड केलं अन् फॅक्टरीत जी हेक्स फाइल रोज टाकतो तिच्याशी ताडून पाहिलं. जुळलं नाही. पोटात गोळाच आला, कारण याचा अर्थ विकलेल्या मालाचा खरा कोड आपल्याकडे नाही असाही होऊ शकत होता. फरक कुठे कुठे आहे ते बाइटनुसार काढलं तर दोनच ठिकाणी होता. एका जागी अक्षरं दिसली, महिना, तारीख, वर्ष आणि पुढे तास-मिनिट-सेकंद. व्हर्जन दाखवायला कुणीतरी बिल्डची तारीख अन् वेळ टाकणारे मॅक्रो वापरले होते, ते दर बिल्डला बदलणारच. दुसरा फरक शेवटचे चार बाइट, म्हणजे सगळ्याचा सीआरसी (तपासणीचा आकडा), तारीख बदलली की तोही बदलतो. बाकी एकूण एक बाइट सारखा. त्या संध्याकाळी लोकमान्य नगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेले, इतकं हलकं वाटत होतं. नंतर ती तारीख कोडमधून काढून रिलीजच्या वेळी हाताने द्यायची सोय केली, म्हणजे दोन बिल्ड सरळ ताडता येतात. तुम्हीही हे आधी करा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे.

पुढची पायरी आयडीई सोडून मेकफाइलवर (बिल्डच्या कमांड लिहिलेली साधी फाइल) यायची, पण कंपायलर जुनाच. दोन्ही गोष्टी एकत्र बदलायच्या नाहीत. आयडीईत तपशीलवार बिल्ड लॉग चालू केला की प्रत्येक फाइलला कोणते ऑप्शन दिले ते दिसतं, तो लॉग समोर ठेवून ज्युनिअरने मेकफाइल लिहिली. आणि पहिली ठेच इथेच लागली. मेकफाइलवाला बिल्ड बोर्डवर टाकला तर एलसीडीवर पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन. लॉग परत ओळीओळीने वाचला, एकशे सहा फाइली ओ-एसने (कोड लहान करणारं ऑप्टिमायझेशन) कंपाइल होत होत्या आणि एकच फाइल, डिले डॉट सी, ओ-झिरोने. आयडीईत त्या फाइलवर राइट क्लिक करून कुणीतरी कधीतरी ऑप्टिमायझेशन बंद केलं होतं, कुठेही नोंद नाही. त्यात नुसत्या रिकाम्या लूपने वेळ काढलेला होता, ऑप्टिमायझेशन लागलं की कंपायलर म्हणतो ही लूप काहीच करत नाही, काढून टाकतो. एलसीडीला क्लिअरची कमांड दिल्यावर दीड मिलीसेकंदाच्या वर थांबावं लागतं, ते थांबणंच गेलं. आम्ही तात्पुरतं ओ-झिरो दिलं, हेक्स जुन्याशी तंतोतंत जुळली, अन् नंतर नव्या कंपायलरवर गेल्यावर ते डिले टायमरवर नेले. ही पायरी गाळली असती तर हे चौकोन नव्या कंपायलरच्या माथी मारले असते अन् आठवडाभर चुकीच्या जागी शोधत बसलो असतो.

मार्चच्या पहिल्या हप्त्यात नवा १३.२ लावला. लिंकरच्या, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रामच्या, दोनशेच्या वर एरर, सगळ्या एकाच प्रकारच्या, एकच व्हेरिएबल अनेक ठिकाणी डिफाइन केलंय म्हणून. आमच्या एका हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल सरळ लिहिलेले होते, एक्स्टर्न (व्हेरिएबल दुसऱ्या फाइलीत आहे असं सांगणारा शब्द) न लावता, अन् ती हेडर नऊ फाइलींत घेतलेली. जुना जीसीसी असे सगळे मिळून एक करायचा, जीसीसी १० पासून डिफॉल्ट बदललं, आता तो तसं करत नाही. एफ-कॉमन हा ऑप्शन दिला की जुनं वागणं परत येतं. पहिल्या दिवशी पुढे सरकायला मी तो दिला, पण मेकफाइलमध्ये वर कॉमेंट लिहून की हा काढायचा आहे, आणि मार्च संपायच्या आत काढला. एक सांगते, काढताना दोन व्हेरिएबल असे सापडले की नाव एकच पण दोन फाइलींत टाइप वेगळे, एकीकडे एक बाइटचा, दुसरीकडे चारचा. असं किती वर्षं चालत होतं देव जाणे.

दुसरा गठ्ठा इनलाइन फंक्शनांचा, म्हणजे कॉलच्या जागीच ज्यांचा कोड टाक असं सुचवलेलं असतं त्यांचा. जीसीसी ५ पासून सीचं डिफॉल्ट स्टँडर्ड जीएनयू८९ वरून जीएनयू११ झालं, अन् दोन्हीत नुसत्या इनलाइनचा अर्थ वेगळा आहे. आमची हेडरमधली इनलाइन फंक्शन लिंकरला सापडेचनात. स्टॅटिक इनलाइन केलं, झालं, अर्ध्या दिवसाचं काम. लिंकर स्क्रिप्ट अन् स्टार्टअप फाइल मात्र नव्याने लिहावी लागली, त्याला चार दिवस गेले, त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही, चिपच्या मॅन्युअलमधला मेमरी मॅप समोर ठेवायचा अन् शांतपणे करायचं.

व्हेंडरची लायब्ररी गेली अन् न्यूलिबची लहान आवृत्ती, न्यूलिब-नॅनो, आली, त्याची गंमत एलसीडीवर दिसली. व्होल्टेजच्या ओळीत व्ही, मग दोन टिंबं, अन् पुढे काहीच नाही. आकडाच गायब. आम्ही तिथे फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, छापत होतो आणि नॅनो जागा वाचवायला फ्लोटचं छापणं आपणहून जोडत नाही, लिंकरला वेगळं सांगावं लागतं. सांगितलं तर फ्लॅश बरीच खाल्ली. मग तेवढं एकच फंक्शन पूर्णांकात केलं, व्होल्टेज दहापट करून ठेवायचं अन् छापताना टिंब द्यायचं, जागाही वाचली.

२५ मार्चला धुळवड होती, त्याच्या आधीच्या शुक्रवारी बोर्ड नव्या बिल्डवर पूर्ण चालला, मेसेज आला, रिले ओढला, आम्ही दोघांनी खाली जाऊन तर्री पोहे खाल्ले. मंगळवारी परत आलो तर बोर्ड गप्प. लाइट चालू, एलसीडीवर मॉडेम सुरू होत आहे एवढंच, अन् तिथेच अडकलेला. वॉचडॉगने (प्रोग्रामने ठरल्या वेळात हात लावला नाही तर चिप रिसेट करणारा टायमर) रिसेट करायला पाहिजे होता, तोही करेना. तीन दिवस यात गेले, कारण रोज होत नव्हतं, मॉडेम कोणत्या क्षणी उत्तर देतो त्यावर होतं. शेवटी डिसअसेम्ब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेला मशीन कोड, उघडली. सीमध्ये आम्ही लिहिलं होतं की मॉडेमचा फ्लॅग वर होईपर्यंत लूपमध्ये थांब अन् प्रत्येक फेरीत वॉचडॉगला हात लाव. मशीन कोडमध्ये फ्लॅग लूपच्या आधी एकदाच वाचलेला, अन् लूपमध्ये फक्त वॉचडॉगला लिहिणं आणि मागे उडी. फ्लॅग परत वाचायची ओळच नाही. म्हणजे पहिल्या वाचनाआधी मॉडेमचं उत्तर आलं तर पुढे जायचं, नाहीतर जन्मभर तिथेच, अन् वॉचडॉग समजतो सगळं ठीक आहे. फ्लॅगला व्होलाटाइल (हे दरवेळी नव्याने वाच असं कंपायलरला सांगणारा शब्द) नव्हतं. इंटरप्टमध्ये (बाहेर काही घडलं की मधेच चालणारा कोड) तो बदलतो हे कंपायलरला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. जुन्याने वॉचडॉगचं फंक्शन वेगळं कॉल केलं होतं म्हणून तो फ्लॅग दरवेळी परत वाचायचा, नव्याने ते फंक्शन आतच विरघळवलं. चूक पूर्ण आमची, दहा वर्षांची.

मग एक एक फ्लॅग शोधत बसण्याऐवजी सगळ्या इंटरप्ट फंक्शनांची यादी केली, प्रत्येकात लिहिलं जाणारं प्रत्येक व्हेरिएबल वहीत उतरवलं. त्रेचाळीस निघाले, त्यातल्या सतरांना व्होलाटाइल नव्हतं. हे वहीवरच करा, सर्च मारून सगळं सापडत नाही. आणि एकापेक्षा जास्त बाइटचं, दोन भागांत वाचलं जाणारं काही असेल तर व्होलाटाइल पुरत नाही, वाचताना इंटरप्ट बंद करावा लागतो, असे आमचे तीन निघाले.

एप्रिल कागदांचा. आमच्या क्वालिटीच्या मॅडमचं म्हणणं की कंपायलर हे टूल आहे, टूल बदललं की चेंज नोट, व्हॅलिडेशनचा प्लॅन, त्याचा रिपोर्ट अन् ग्राहकाची मंजुरी, चारही पाहिजेत. मला आधी हे जास्तीचं वाटलं होतं. प्लॅन लिहायला बसले तेव्हा कळलं की डबा नेमकं काय काय करतो याची पूर्ण यादी आमच्याकडे कधी नव्हतीच, ती पहिल्यांदा तयार झाली, चौसष्ट मुद्दे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, चेंज नोट ग्राहकाकडे गेली, १९ ला मतदानाची सुट्टी, त्यांचे सही करणारे साहेब दौऱ्यावर, मंजुरी २९ ला हातात आली. एकोणीस दिवस. मंजुरीची वाट बघता बघता फील्ड ट्रायलची जुळवाजुळव करून ठेवली होती म्हणून वेळ वाया गेला नाही.

त्या प्लॅनमध्ये मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती, जुन्या डब्यावर नवीन सॉफ्टवेअर टाकून पाहिलं का. मी टाकून पाहिलं होतं, चाललं होतं, हो लिहिलं. ही ओळ लक्षात ठेवा.

ट्रायलला काटोलच्या बाजूची सहा शेतं घेतली, तीन नवीन डबे, तीन जुन्या डब्यांवर नवीन सॉफ्टवेअर. २० मेपासून सुरू. ऊन तुम्हाला माहीतच आहे, त्याच हप्त्यांत पुढे ५६ अंशांची बातमीही फिरली होती अन् नंतर तो सेन्सरच बिघडलेला निघाला, पण खरे ४५ काही कमी नसतात, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. मला भीती होती ती गरमीची. गरमीने काही झालं नाही.

२३ मेला सकाळी साडेसहाला एका संत्रेवाल्या काकांचा फोन. "ताई, रातच्याला मोटर सुरूच नाही झाली न वं. लाइन होती, मोटर नाही. पाळी गेली माही." आंबिया बहाराची संत्री मेमध्ये लहान असतात, या उन्हात पाणी हुकलं तर गळतात, हे मला माहीत आहे, माझं माहेर वरुडचं आहे. मी त्यांना म्हटलं, काका, आज रात्री हातानेच सुरू करा, मी दुपारपर्यंत येते. जुनं सॉफ्टवेअर भरलेला एक डबा सोबत घेऊन गेले अन् आधी तो बसवला, मग बिघडलेला घेऊन आले. ट्रायल करणाऱ्यांनी जुना चालू डबा गाडीत ठेवाच, शेतकऱ्याचं पाणी आपल्या डीबगिंगसाठी थांबू शकत नाही.

टेबलावर आणून ईईप्रॉम, म्हणजे लाइट गेली तरी टिकणारी मेमरी, वाचली. वेळा साठवायच्या जागी कचरा, अन् त्याच्या मागचं करंटचं कॅलिब्रेशनही पुसलेलं. कागदावर मांडलं तेव्हा दिसलं. एका वेळापत्रकाच्या नोंदीचं आमचं स्ट्रक्चर असं: एक बाइट चालू-बंद, मग सुरू व्हायची वेळ, बंद व्हायची वेळ, मग दोन बाइट इतर. वेळा टाइम_टी या सीच्या वेळेसाठीच्या टाइपमध्ये ठेवलेल्या. जुन्या लायब्ररीत टाइम_टी चार बाइटचा होता, पॅडिंग (मधे सोडलेली रिकामी जागा) धरून नोंद सोळा बाइटची. न्यूलिबने पुढे टाइम_टी ६४ बिटांचा केला, २०३८ नंतर तारखा उलट्या फिरू नयेत म्हणून, म्हणजे आठ बाइट, आणि आर्मवर आठ बाइटची गोष्ट आठच्या पटीतल्या जागीच बसते, त्यामुळे पॅडिंगही वाढलं. नोंद झाली बत्तीस बाइटची. आठ नोंदी मिळून १२८ च्या जागी २५६ बाइट. जुन्या डब्यातल्या जुन्या नोंदी नव्या मापाने वाचल्या म्हणून वेळ चुकली, अन् काकांनी नवीन वेळ लावली तेव्हा लिहिताना शेजारचं कॅलिब्रेशन चिरडलं गेलं.

मग मी हो लिहिलं होतं ते कसं? आमचं टेस्ट जिग, म्हणजे बोर्ड तपासायचं यंत्र, बोर्ड लावल्याबरोबर पहिल्या पायरीत ईईप्रॉम पुसतं. जुना डबा मी त्याच जिगवर लावला होता. बोर्ड जुना होता, आतली आठवण नव्हती. मॅडमना जाऊन हे सांगताना मला फार वाईट वाटलं, त्यांनी एवढंच म्हटलं की मग आता ती ओळ नीट लिहू, अन् लिहिलं, शेतातून आणलेला, वेळा लावलेला डबा, जिगवर न लावता.

दुरुस्ती दोन दिवसांची होती. जे काही ईईप्रॉमवर किंवा फ्लॅशवर साठतं त्यात टाइम_टी, इंट, ईनम असं काही ठेवायचंच नाही, ठरलेल्या मापाचे टाइप वापरायचे, आम्ही वेळेला बिनचिन्हाचा ३२ बिटांचा पूर्णांक घेतला, तो २१०६ पर्यंत पुरतो. आणि प्रत्येक साठवलेल्या स्ट्रक्चरच्या खाली एक स्टॅटिक असर्ट, याचं माप सोळाच असलं पाहिजे, नसेल तर बिल्डच होऊ नये. ही सोयही जुन्या कंपायलरमध्ये नव्हती, जीसीसीत ४.६ पासून आहे. तुम्हाला कंपायलर बदलायचा असेल तर हे असर्ट पहिल्या दिवशीच घाला, आधी जुनं माप लिहून घ्या, मग बदला. मला हे फेब्रुवारीतच सुचलं असतं तर काकांची पाळी गेली नसती.

तिन्ही जुने डबे परत आणले, शेतातल्या खऱ्या नोंदींसकट दहा वेळा जुन्यावरून नव्यावर अन् परत केलं, मग ३ जूनला पुन्हा लावले. दोन आठवडे काही नाही. काकांनी १७ ला फोन करून स्वतःहून सांगितलं, "बराबर लागून राह्यली, दोन्ही पाळ्या." २४ जूनला मॅडमनी रिपोर्टवर सही केली, दुसऱ्या दिवशीपासून लाइनवर नवीन हेक्स. सरांनी दिलेल्या मुदतीपेक्षा चोवीस दिवस जास्त लागले. रोख खर्च एसएसडी, आठ चॅनलचा साधा लॉजिक अ‍ॅनलायझर, काटोलच्या फेऱ्यांचं डिझेल अन् ट्रायलचे डबे धरून साडेबावीस हजारांच्या आत, बाकी आमचा दोघांचा वेळ. नवीन हेक्स जुन्यापेक्षा अकरा केबी लहान झाली, फोरजीचा ड्रायव्हर त्या जागेत बसला.

जुना पीसी आता बंद आहे. डोंगल एका पाकिटात घालून त्यावर सीरियल नंबर, तारीख अन् व्हर्च्युअल मशीन कोणत्या दोन डिस्कवर आहे ते लिहून अकाउंट्सच्या काकांच्या कपाटात दिलंय, विकलेल्या जुन्या मालात काही निघालं तर लागेल. मेकफाइलमध्ये कंपायलरचं व्हर्जन तपासणारी ओळ आहे, १३.२ नसेल तर बिल्ड थांबतो, ज्युनिअरच्या लॅपटॉपवर अन् माझ्यावर एकच हेक्स निघते. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आला, त्यात न सांगितलेलं फंक्शन सरळ कॉल केलं तर आधीची वॉर्निंग आता एरर झाली आहे. आमच्या कोडात तशा एकतीस जागा निघाल्या, सत्तावीस झाल्या, उरलेल्या चार जुन्या मॉडेमच्या फाइलीत आहेत, त्या सोमवारी घेणार आहोत.